तुळशीपाशी ठेवलेला स्कॉटलंडचा दगड

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यातला निवृत्त शिक्षक. मुलगी-जावई स्कॉटलंडमध्ये डंडीजवळ राहतात. गेल्या उन्हाळ्यात आम्ही दोघं तिकडे गेलो होतो. एका जुन्या चर्चच्या आवारात, थडग्यांच्या मध्ये, मोल नावाच्या चिचुंद्रीसारख्या प्राण्याने उकरलेल्या मातीत आठ वर्षांच्या नातवाला पंजाएवढा दगड सापडला. त्यावर घोड्याचे मागचे पाय आणि कडेला वेणीसारखी नक्षी आहे. मला आपल्या वीरगळाची आठवण झाली. कुणाचा नसेल असं वाटून मी तो शालीत गुंडाळून घरी आणला. सौ.ने तुळशीपाशी ठेवला, हळदकुंकूही वाहिलं. आता मुलीच्या शेजाऱ्यांनी फोटो पाहून तो हजार-बाराशे वर्षांपूर्वीचा असावा, असं सांगितलंय. मुलगी घाबरली आहे. आम्ही चोरी केली का? पुढच्या खेपेला नेऊन गुपचूप तिथेच ठेवला तर? की इथल्या एखाद्या संग्रहालयाला द्यावा?

उत्तर : गुरुजी, तुमच्या पत्रातल्या एका वाक्यावर सगळं प्रकरण उभं आहे : ‘कुणाचा नसेल असं वाटून’. जगातल्या बऱ्याच देशांत हा बचाव थोडाफार तरी चालतो. स्कॉटलंडमध्ये नेमका उलटा पडतो. जे कुणाचं नाही ते राजाचं, हा तिथला शेकडो वर्षांचा नियम आहे. तिथे कुठल्याही लेखी कायद्याशिवाय, निव्वळ परंपरेने आणि न्यायालयांच्या निकालांनी तो टिकून आहे.

शेजारच्या इंग्लंडमध्ये 1996 चा खजिना कायदा मुख्यतः सोन्या-चांदीभोवती फिरतो. तुमचा दगड तिथे सापडला असता तर तो ‘खजिना’ ठरला नसता. स्कॉटलंडमध्ये धातूची अट नाही, कुणीतरी मुद्दाम पुरून ठेवल्याचं सिद्ध करण्याचीही गरज नाही. मडक्याचं खापर असो, हाडाचा कंगवा असो की कोरीव दगडाचा तुकडा, मालक सापडत नसेल तर तो राजसत्तेचा. हे पक्कं झालं ते 1963 साली. शेटलंड बेटांपैकी सेंट निनियन्स आयल इथे 1958 मध्ये जुन्या चर्चच्या अवशेषांत उत्खनन चालू होतं. तिथे एका शाळकरी मुलाला दगडी लादीखाली चांदीच्या 28 वस्तू आणि पॉर्पॉइज या समुद्री प्राण्याच्या जबड्याचं हाड मिळालं. उत्खनन करणारं ॲबरडीन विद्यापीठ आणि जमीनमालक यांनी शेटलंडच्या जुन्या नॉर्स कायद्याचा आधार घेत हक्क सांगितला. कोर्ट ऑफ सेशन या स्कॉटलंडच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने तो नाकारला. आज ते सगळं एडिंबराच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

म्हणून दगड तुमचा नाही, नातवाचा नाही आणि चर्चचाही नाही. तिथली जुनी दफनस्थळं 1925 च्या एका कायद्याने बहुतांशी चर्चकडून स्थानिक प्रशासनाकडे गेली, म्हणजे आवार बहुधा कौन्सिलचं असणार. पण सुट्या पुरातन वस्तूवर जमीनमालकाचाही हक्क चालत नाही. अपवाद एकच : तुकडा एखाद्या उभ्या शिळेचा, थडग्याचा किंवा चर्चच्या भिंतीचा असेल, तर त्याला मालक आहे. शिवाय ती शिळा संरक्षित स्मारकांच्या यादीत असेल, तर 1979 चा स्मारक कायदा लागतो आणि प्रकरण जड होतं. तुम्ही पाठवलेल्या फोटोत मला चारही कडा झिजलेल्या, शेवाळलेल्या दिसतात. ताजी फूट दिसत नाही. पण हे वकिलाने फोटो पाहून ठरवायचं काम नव्हे.

आता ‘चोरी’. वस्तू आपली नाही हे कळूनही दडवून ठेवली, तर स्कॉटलंडच्या कायद्यात सापडलेल्या वस्तूचीही चोरी होऊ शकते. आपल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 314 मध्ये मालमत्तेच्या अप्रामाणिक अपहाराबद्दलचा विचार साधारण असाच आहे. दोन्हीकडे कळीचा मुद्दा मनातला हेतू हाच. दगड उचलला तेव्हा तुम्हाला तो एक सुंदर दगड वाटला, आणि हे खरं आहे असं मी मानतो, कारण चोराने तो तुळशीपाशी उघड्यावर ठेवला नसता. मात्र शेजाऱ्यांचा निरोप आला त्या दिवसापासून तुम्हाला माहीत आहे. इथून पुढचा प्रत्येक आठवडा तुमच्या विरुद्ध मोजला जाईल. नातवाची काळजी सोडा, स्कॉटलंडमध्ये बारा वर्षांखालच्या मुलावर गुन्ह्याची जबाबदारी येतच नाही.

दुसरी चूक विमानतळावर झाली. ब्रिटनच्या मातीत सापडलेली पन्नास वर्षांपेक्षा जुनी पुरातन वस्तू देशाबाहेर न्यायला परवाना लागतो, मग तिची बाजारातली किंमत कितीही असो. तो परवाना आर्ट्स कौन्सिल इंग्लंड देतं, स्कॉटलंडसाठीसुद्धा. अजाणता नेणं आणि कायदा चुकवण्यासाठी नेणं यांत तिथला कायदा फरक करतो. पण वस्तू दोन्ही वेळा जप्त होऊ शकते.

‘गुपचूप ठेवून येतो’ हा विचार मला समजतो, सज्जन माणसाला तो पहिल्यांदा सुचतो. पण ते करू नका. आपल्याच 1972 च्या पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती कायद्यात ‘पुरावशेष’ या शब्दात किमान शंभर वर्षं जुनं कुठलंही शिल्प येतं. ते भारतातलंच असावं, असं तिथे म्हटलेलं नाही. आणि कलम 3 प्रमाणे पुरावशेष देशाबाहेर पाठवायचा अधिकार फक्त केंद्र सरकारला किंवा त्याने अधिकार दिलेल्या यंत्रणेला. मोडलं तर कलम 25 खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि दंड. म्हणजे स्कॉटलंडचा दगड स्कॉटलंडला परत करायला निघालेले गुरुजी मुंबई विमानतळावर अडकू शकतात! कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर आपल्या मूर्तींची तस्करी होती, तुमचा घोडा नव्हता. तरी शब्द आहेत ते आहेत. कुरिअरचंही तेच.

इथल्या संग्रहालयाला देण्याचा प्रश्न त्यामुळे निकालात निघतो. जे आपलं नाही त्याचं दान करता येत नाही, आणि कुठलंही जबाबदार संग्रहालय ते घेणारही नाही. सांस्कृतिक वस्तूंची बेकायदा ने-आण रोखणाऱ्या 1970 च्या युनेस्को कराराला भारताने 1977 मध्ये आणि ब्रिटनने 2002 मध्ये मान्यता दिली आहे.

मग करायचं काय? या आठवड्यात एडिंबराच्या राष्ट्रीय संग्रहालयात असलेल्या ट्रेझर ट्रोव्ह युनिटला ईमेल करा. राजसत्तेच्या वतीने असे हक्क पाहणारा अधिकारी किंग्ज अँड लॉर्ड ट्रेझरर्स रिमेम्ब्रन्सर या भारदस्त नावाचा आहे, त्याच्यासाठी हे युनिट वस्तूंची तपासणी करतं. फोटो शेजारी पट्टी ठेवून काढा. कोण, कधी, कुठे, वस्तू आज कुठे आहे, हे सरळ लिहा. ‘आम्हाला माहीत नव्हतं, परत द्यायचा आहे, कसा पाठवायचा ते सांगा’ एवढं पुरे. त्यांचं उत्तर जोडून भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे अर्ज करा आणि परत पाठवण्याची परवानगी मागा. या कायद्याखाली दगडी शिल्पांच्या नोंदणीचा नियमही आहे, तोही त्याच अर्जात विचारून घ्या. वेळ लागेल. मात्र त्या काळात दगड तुमच्याकडे का आहे, याचं उत्तर कागदावर असेल. ईमेल पाठवण्याआधी मुलीने तिथल्या एखाद्या सॉलिसिटरला मसुदा दाखवावा. तिच्या तिथल्या राहण्याचा प्रश्न गुन्हा शाबित झाला तर उभा राहतो, सापडलेली वस्तू कळवल्याने नव्हे. आणि तिने फोनवरचे ते संदेश, फोटो काही पुसू नयेत.

बक्षिसाचं विचाराल तर सापडणाऱ्याला तिथे खुशीने रक्कम देण्याची पद्धत आहे, जमीनमालकाला काही नाही. उशीर किंवा हलगर्जी झाली की ती कमी होते. तुमच्या बाबतीत मी रकमेची आशा धरणार नाही. नातवाचं नाव ‘शोधक’ म्हणून लागलं तर तेवढं बघा.

कारण सापडल्याची जागा दगडाइतकीच मोलाची असते. स्कॉटलंडमधल्या प्राचीन पिक्ट लोकांच्या अशा शिळा साधारण सहाव्या ते नवव्या शतकातल्या, आणि त्यांचे तुकडे चर्चच्या आवारांतच जास्त मिळतात. आर्ब्रोथजवळच्या सेंट विजियन्स इथे 38 कोरीव दगड आहेत, त्यातले कित्येक चर्चच्या बांधकामातच चिणले गेले होते. अबरलेम्नोच्या चर्चच्या आवारात आजही एक शिळा उभी आहे : एका बाजूला क्रूस, दुसरीकडे घोडेस्वारांची लढाई, आणि खाली कोपऱ्यात पडलेल्या योद्ध्याला टोचणारा पक्षी. अनेक जण ती 685 सालच्या लढाईशी जोडतात, काहींना ते मान्य नाही. वीरगळाची आठवण तुम्हाला उगाच झाली नाही. दुर्दशाही सारखीच. आपल्याकडे वीरगळ पायरीला लावतात, शेंदूर फासून म्हसोबा करतात. तिकडे हिल्टन ऑफ कॅडबॉलच्या भव्य शिळेची क्रूसाची बाजू छिनून 1676 मध्ये एका गृहस्थाने स्वतःच्या आणि आपल्या तीन बायकांच्या थडग्याचा लेख कोरला. त्या शिळेचा खालचा भाग जमिनीतून मिळाला तो थेट 2001 मध्ये. तुमच्या घोड्याचं उरलेलं अंग त्या मातीत कुठे असेलच, तर शोधणाऱ्याला नातवाने दाखवलेला ढीगच लागेल.

म्हणून आज रात्रीच नातवाला व्हिडिओ कॉल करा आणि कोणत्या थडग्याजवळ, भिंतीपासून किती पावलांवर, हे त्याच्याकडून कागदावर काढून घ्या. मुलं विसरतात. त्याने पुन्हा तिथे जाऊन उकरू मात्र नये. दगडावरचं हळदकुंकू धुऊ नका, घासू नका, साबण तर नाहीच. तुळशीपासून उचलून कोरड्या सुती कापडात, झाकण सैल ठेवलेल्या डब्यात ठेवा. ईमेलमध्ये हळदकुंकवाचाही उल्लेख करा, नाहीतर एडिंबराचा तज्ज्ञ त्या लाल-पिवळ्या रंगावर प्रबंध लिहायला बसेल.