रायटिंगला सहा आले म्हणून व्याकरण पहिल्यापासून घोकू नकोस

लातूरच्या एका मुलीने विचारलंय: "ताई, नर्सिंगचा जीएनएम डिप्लोमा झालाय, यूकेला नर्स म्हणून यायचंय. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत लिसनिंग, रीडिंग, स्पीकिंग तिन्हीत सात आले, रायटिंग सहावर अडकलं. क्लासवाले म्हणतात ग्रामर कच्चं आहे, पुन्हा पहिल्यापासून करा. करू का?"

नको करूस. आधी हिशोब बघ. इथल्या, यूकेच्या नर्सिंग कौन्सिलला, म्हणजे एनएमसीला, आयईएलटीएसच्या अ‍ॅकॅडेमिक प्रकारात रायटिंगला 6.5 लागतात, बाकी तिन्हीत 7. तुझं घोडं अर्ध्या बँडवर, म्हणजे अर्ध्या गुणावर अडलंय. शिवाय 12 महिन्यांच्या आतल्या दोन परीक्षांचे गुण एकत्र धरता येतात. अट एवढीच की दोन्ही वेळा रायटिंग 6 च्या आणि बाकीचं 6.5 च्या खाली जायला नको. म्हणजे ही परीक्षा वाया गेलेली नाही. तारीख लांबवत बसू नकोस, तेवढं बघ.

रायटिंगच्या गुणांत व्याकरणाचा वाटा चौथा हिस्सा. तिथं आपल्या मुली ठरावीक जागीच घसरतात, कारण वाक्य मनात मराठीत जुळतं आणि तसंच्या तसं कागदावर उतरतं.

सगळ्यात महाग पडतं ते आपलं "पासून". "पेशंटला दोन दिवसांपासून ताप आहे" याचं आपण "पेशंट इज हॅविंग फीवर सिन्स टू डेज" करतो. सुरुवातीची वेळ सांगायची तर सिन्स: सिन्स मंडे, सिन्स 2019. कालावधी मोजायचा तर फॉर: फॉर टू डेज. आणि ताप अजून असेल तर क्रियापद "हॅज हॅड". "द पेशंट हॅज हॅड अ फीवर फॉर टू डेज." नुसतं "हॅड अ फीवर फॉर टू डेज" लिहिलंस तर वाचणारा समजणार, ताप उतरला. निबंधात अशा चुकीने फार तर गुण जातील. वॉर्डात ड्युटी बदलताना तू असा हँडओव्हर दिलास, तर पुढची नर्स तापाचं विचारणारच नाही. म्हणून याच्यावर सगळ्यात जास्त वेळ घाल.

दुसरं, जरी-तरी. मराठीत जोडीने येतात म्हणून आपण "ऑलदो"च्या पाठोपाठ "बट" लावतो. एकच ठेव.

अ, अ‍ॅन, द यांचे नियम पाठ करून डोकं पिकेल. त्यापेक्षा निबंध झाला की प्रत्येक एकवचनी, मोजता येणाऱ्या नामावर बोट ठेव. त्याच्या आधी अ, द, माय, धिस असलं काही आहे का? नसेल तर बहुतेक वेळा चूक आहे. "शी वर्क्स इन हॉस्पिटल" अशीच सापडते. इन्फॉर्मेशन, इक्विपमेंट, अ‍ॅडव्हाइस, एव्हिडन्स यांना एस लावायचा नाही. "डिस्कस"नंतर "अबाउट" नको, "डिड नॉट"नंतर "वेंट" नको. हे तुला माहीत असणार, घाईत सुटतं.

म्हणून शेवटची पाच मिनिटं तपासायलाच राखून ठेव. रायटिंगच्या दोन टास्कपैकी दुसऱ्याला, म्हणजे निबंधाला, पहिल्याच्या दुप्पट वजन आहे, किमान 250 शब्द हवेत. तो आधी लिहिलास तरी चालतं.

बोलताना मात्र एवढं घाबरू नकोस. वॉर्डात केरळच्या, फिलिपिन्सच्या पोरी असतात, सगळ्यांचे आर्टिकल गळतात, कुणी टोकत नाही. इंग्लंडच्या उत्तरेकडचे गोरे तर स्वतःच "सिटिंग"ऐवजी "सॅट" वापरून "आय वॉज सॅट देअर" म्हणतात. ते ऐकून परीक्षेत लिहू नकोस म्हणजे झालं.

आणि क्लासची पुन्हा फी भरण्याआधी त्यांच्याकडून तुझे जुने निबंध तपासून घे. लाल पेनाने नुसतं "ग्रामर वीक" लिहून देणारा मास्तर काय कामाचा? कुठली चूक किती वेळा झाली ते सांगणारा शोध. नाहीतर दोन निबंधांचे फोटो मला पाठव, नाईट ड्युटी संपली की बघते.