सॉफ्टवेअर डेव्हलपमेंटबद्दल अलीकडे तुम्ही काय वाचलंत, ज्याचा कामात खरंच उपयोग झाला?

तुम्ही लिहिलंय की नोकरीला तीन वर्षं झाली आणि नव्या फ्रेमवर्कवरचे लेख वाचून आता कंटाळा आलाय. मीही त्यातून गेले आहे. गेलं वर्षभर मी मुख्यतः पोस्टमॉर्टेम वाचतेय, म्हणजे एखादी यंत्रणा कोलमडल्यावर ती चालवणाऱ्यांनीच जाहीर केलेले अहवाल. किती वाजता काय झालं, कुणाला काय दिसलं, शेवटी कारण काय निघालं, हे सगळं त्यात असतं.

सुरुवात गिटलॅबच्या, म्हणजे प्रोग्रामरांचा कोड साठवून ठेवणाऱ्या वेबसाइटच्या, अहवालाने करा. ३१ जानेवारी २०१७ ची रात्र. मुख्य सर्व्हरची नक्कल ठेवणारा दुय्यम डेटाबेस सर्व्हर मागे पडला होता, म्हणून एका इंजिनिअरने दुय्यमवरची डेटा डिरेक्टरी पुसून नव्याने नक्कल घ्यायचं ठरवलं. कमांड चालली मुख्य सर्व्हरवर. सेकंद-दोन सेकंदांत त्याने ती थांबवली, पण तोवर सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबीच उरला होता.

ही गोष्ट बहुतेक जण इथेच थांबवतात. मला पुढचा भाग जास्त मोलाचा वाटतो. बॅकअप रोज होतोय असं सगळे धरून चालले होते. प्रत्यक्षात डेटाबेस पोस्टग्रेस या सॉफ्टवेअरच्या ९.६ व्हर्जनचा आणि बॅकअप घेणारं टूल चालत होतं ९.२ चं, त्यामुळे ते दर वेळी एरर देऊन बंद पडायचं. तसा इशारा ई-मेलने जायचाही, पण त्या मेलवर लागणारी डिजिटल सही नसल्याने समोरचा सर्व्हर तो परत लावायचा. अखेर कामी आला तो सुमारे सहा तास आधी वेगळ्याच कारणासाठी हाताने घेतलेला स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाच्या डेटाची प्रत. त्या सहा तासांतला डेटा गेला तो गेलाच.

हे वाचल्यावर मी आमच्या टीममध्ये हट्टाने एका कोऱ्या मशीनवर बॅकअप रिस्टोअर करायला लावला. डेटाबेस उभा राहिला, लॉगिनही झालं. पण युजरनी अपलोड केलेल्या फायलींचा फोल्डर बॅकअपमध्ये कधी घेतलाच गेला नव्हता. आता दर महिन्याला रिस्टोअर होतो आणि दर वेळी माणूस वेगळा असतो, कारण लिहून ठेवलेल्या पायऱ्यांत काय सुटलंय ते पहिल्यांदा करणाऱ्यालाच दिसतं.

दुसरा अहवाल क्राउडस्ट्राइक या कॉम्प्युटर-सुरक्षा कंपनीचा, १९ जुलै २०२४ च्या बिघाडाचा. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख विंडोज मशीन बंद पडल्या. नव्या नियमांच्या साच्यात २१ इनपुट होते, कोड पुरवायचा २०. टेस्टमध्ये एकविसाव्या जागी ‘काहीही चालेल’ असं वाइल्डकार्ड ठेवलेलं, म्हणून ती जागा कधी तपासलीच गेली नाही. त्या जागेचा खरोखर वापर करणारी सदोष फाइल आली आणि मशीन कोसळल्या. ती फाइल ७८ मिनिटांत मागे घेतली, पण कोसळलेली मशीन सुरूच होत नसेल तर दुरुस्ती तिच्यापर्यंत पोचणार कशी? लोकांना एकेक मशीन हाताने दुरुस्त करावी लागली. तेव्हापासून कोड रिव्ह्यू करताना मी टेस्टमधला डेटा आधी बघते, कोड नंतर.

वाचायची माझी पद्धत सांगते. आधी फक्त घटनाक्रम वाचायचा, कारणांचा भाग आला की थांबायचं आणि स्वतःचा अंदाज कागदावर लिहायचा. मग पुढे वाचायचं. गिटलॅबच्या वेळी टूलच्या व्हर्जनपर्यंत माझा अंदाज बरोबर आला होता. इशाऱ्याचा मेलच पोचत नसेल, हे मात्र डोक्यातही आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी शोधलं तर आमच्या बॅकअपचे इशारे कंपनी सोडून गेलेल्या एका सहकाऱ्याच्या बंद झालेल्या पत्त्यावर जात होते.