शांघायला नवीन आलोय, रोजची मँडरिन कुठून सुरू करू?

आधी तीनच वाक्यं घट्ट करा, "तुओ शाओ छ्येन" म्हणजे केवढ्याला, "थिंग पू तोंग" म्हणजे कळलं नाही आणि शाकाहारी असाल तर "पू याओ रौ", मांस नको, कारण भाजीतही बऱ्याचदा डुकराचा खिमा असतो. पिनयिन, म्हणजे रोमन अक्षरांत लिहिलेलं मँडरिन, इंग्रजीसारखं वाचू नका हो, तिथला बी म्हणजे आपला प, डी म्हणजे त, टी म्हणजे थ, आणि झेड तर चक्क चमचातला च! हे आपल्याला आयतंच येतं, इंग्रजी बोलणाऱ्यांना नाही. टोन, म्हणजे शब्दातले आवाजाचे चढउतार, मात्र पहिल्या दिवसापासून ऐकून घोका, "माय" आवाज खाली नेऊन वर आणला तर विकत घेणं, वरून झटकन खाली टाकला तर विकणं.