केक पॉपचं चॉकलेट तडकतंय, गोळे काडीवरून घसरतायत, ओव्हनही नाही. काय करू?

ताई, तुम्ही नंदगडजवळच्या गावातून विचारलंय. मुलीच्या वाढदिवसाला तीसेक केक पॉप, म्हणजे केकचा चुरा क्रीममध्ये मळून वळलेले, काडीला लावून चॉकलेटात बुडवलेले गोळे, करायचेत आणि घरात ओव्हन नाही. एकदा करून बघितले तर निम्मे गोळे काडीवरून खाली आले. उरलेल्यांचं चॉकलेट तासाभरात तडकलं आणि चिरेतून तेल गळायला लागलं. पावसात लाइट जाते म्हणून गोळे आधीच फ्रीझरमध्ये टाकून ठेवले होते, असंही लिहिलंय. चॉकलेट पातळ करायला घरचं भिरंडेल (कोकमाचं तूप) चालेल का, हा शेवटचा प्रश्न. निम्मं उत्तर तुमच्याच प्रश्नात आहे: फ्रीझर.

मी बेळगावच्या वडगावात घरून केकच्या ऑर्डरी घेते, पॉप नेहमीचेच. फ्रीझरमधला गोळा पार थिजलेला असतो. त्यावर गरम चॉकलेट चढलं की ते झटक्यात आकसून घट्ट होतं. मग आतला गोळा हळूहळू खोलीच्या तापमानाला येतो आणि फुगतो. कवचाला पसरायला जागा नसते, ते फुटतं. तेल गळतं तेही त्यामुळेच. फुगणारं मिश्रण आतलं लोणी मिळेल त्या फटीतून बाहेर ढकलतं, आणि हमखास मिळणारी फट म्हणजे काडीच्या बुडाशी राहिलेलं टाचणीएवढं भोक. गोळे फ्रीजच्या खालच्या कप्प्यात तासभर ठेवा, बुडवायच्या आधी दहा मिनिटं बाहेर काढा. हाताला गार लागले पाहिजेत, पण दाबल्यावर किंचित दबले पाहिजेत. चॉकलेट ४० अंशांच्या आसपास असावं. थर्मामीटर नसेल तर थेंब मनगटावर टाकून बघा, कोमट लागलं की झालं.

आणि खरं सांगू का, या दिवसांत लाइट गेली म्हणून एवढं घाबरायचं कारण नाही. बेळगाव साधारण ७५० मीटर उंचीवर, तुमच्या बाजूला तर घाटातला पाऊस. झाकणाचा डबा पाण्याच्या परातीत ठेवला तरी गोळे बुडवण्याइतके घट्ट होतात. एप्रिलमध्ये विचारलं असतंत तर वेगळं सांगितलं असतं.

आता घसरण्याबद्दल. काडीचा दोष फार थोडा असतो, गोळा ओला असतो म्हणून तो घसरतो. २००८ मध्ये अटलांटाच्या अँजी डडली या ब्लॉग लिहिणाऱ्या बाईंनी केक पॉप लोकप्रिय केले. त्यांच्या मूळ केकच्या गोळ्यांची कृती अमेरिकेतल्या तयार पिठाच्या पुड्यावर आणि फ्रॉस्टिंगच्या, म्हणजे केकवर लावायच्या क्रीमच्या, डब्यावर बेतलेली होती: एका केकला एक अख्खा डबा, म्हणजे साडेचारशे ग्रॅमच्या आसपास. तिकडच्याही बऱ्याच जणींना ते जास्त वाटलं आणि त्या पाऊण डबा घालू लागल्या. आपल्याकडचे व्हिडिओ मात्र ते प्रमाण डोळे झाकून पुढे ढकलतात. त्यात आपण कंडेन्स्ड मिल्कचा बिनअंड्याचा केक घेतो, तो मुळातच दमट. मग गोळा काडीवर टिकणार कसा?

तीस पॉपना ६०० ग्रॅम केकचा चुरा घ्या. त्यात बटरक्रीम सुरुवातीला १०० ग्रॅमच घाला आणि मळा. मूठ आवळल्यावर मुटका झाला, बोटाने दाबल्यावर भेग न पडता दबला, हाताला तुपकट वाटलं नाही, तर तिथेच थांबा. अजून लागलं तर चमचा-चमचा वाढवा. गोळा २५ ग्रॅमचा, सुपारीपेक्षा जरासा मोठा. चाळीसच्या वर गेलात तर काडी वाकणारच.

क्रीमच्या ऐवजी मी बरेचदा कुंदा घालते. हसू नका. कुंदा दूध आटवून केलेला, रवाळ, थोडा करपूस गोड, आणि त्यात बटरक्रीमइतकं मोकळं तूप नसतं, म्हणून गोळा घट्ट राहतो. ६०० ग्रॅमला १५० ग्रॅम कुंदा हाताने मोडून घालायचा, कोरडा वाटला तर दोन चमचे दूध. वर डार्क चॉकलेट घ्यायचं, नाहीतर गोडावर गोड होतं. पांढऱ्या चॉकलेटबरोबर कुंदा मला अजिबात आवडत नाही. दुधाचा पदार्थ आहे, तेव्हा बाहेर एका दिवसापेक्षा जास्त ठेवू नका.

केकसाठी ओव्हन कशाला हवा? कुकरची शिट्टी आणि रिंग काढून तळाशी मीठ पसरा, त्यावर जाळी ठेवा, मंद आचेवर पाऊण तासात साधा स्पंज होतो. किंवा सरळ बेकरीतून साधा केक आणा, आदल्या दिवशीचा शिळा मागून घ्या. चुरा करायला शिळाच बरा पडतो. कडेची तांबूस साल मात्र कापून टाका, ती मिश्रणात कडक कडक लागते. मावा केक आणलात तर क्रीम निम्म्यावर आणा, त्याचं त्यालाच तूप पुरतं.

भिरंडेलाचं उत्तर जरा लांबेल, कारण प्रश्न चांगला आहे. कोकमाच्या बियांचं हे तूप आपल्याकडे पायाच्या भेगांना लावतात, पण चॉकलेटच्या धंद्यात त्याला खरोखर मान आहे. युरोपियन युनियनच्या नियमात कोको बटरशिवाय ज्या सहा वनस्पती फॅट चॉकलेटमध्ये ५ टक्क्यांपर्यंत चालतात, त्यांत कोकम आहे. पण ते खऱ्या चॉकलेटात, जिथे कोको बटर असतं. तुम्ही आणलेली स्वस्त स्लॅब कंपाउंडची असणार, म्हणजे कोको बटरऐवजी दुसरं फॅट घातलेली. पाठीमागचं वाचा, व्हेजिटेबल फॅट किंवा पाम कर्नेल असं काहीतरी लिहिलेलं असेल. त्या फॅटचं आणि कोकमाचं जमत नाही, एकत्र केले तर कवच मऊ राहतं आणि पुढे पांढुरकं पडतं. कंपाउंडला खोबरेल चालतं, ते पाम कर्नेलच्याच जातीचं. खायचं, वास नसलेलं घ्या, ५०० ग्रॅमला दोन छोटे चमचे. जास्त घातलंत तर बोटाला चिकटत राहील.

खरं चॉकलेट वापरायचा हट्ट पहिल्या वेळी करू नका. त्याला ४५ अंशांवर वितळवून २७-२८ पर्यंत थंड करायचं आणि पुन्हा ३१-३२ वर आणायचं, तेव्हा कुठे ते चकचकीत आणि कडक बसतं. कंपाउंडला यातलं काही लागत नाही. वाढदिवसाच्या आदल्या रात्री तुम्हाला दुसरीही कामं असतील की.

वितळवताना पाणी हा शत्रू. वाफेचा एक थेंब पडला तरी चॉकलेट आळून त्याचा गोळा होतो. म्हणून भांडं खालच्या पातेल्यापेक्षा रुंद घ्या, आणि गॅस बंद करून नुसत्या गरम पाण्यावर ठेवा. आळलंच तर फेकू नका, गरम साय घालून घोटा, पुढच्या खेपेला गोळे बांधायला वापरा. रंगाचंही तेच: केकचे जेल रंग पाण्याचे असतात, ते पांढऱ्या कंपाउंडमध्ये घातले की सगळं आळतं. चॉकलेटसाठीचे तेलाचे रंग वेगळे मिळतात, ते विचारून घ्या. बीटाचा रस वगैरे विसरा.

काडी कागदी, लॉलीपॉपची. आइस्क्रीमची चपटी काडी गोळा चिरते. काडीचं टोक एक सेंटिमीटर चॉकलेटात बुडवून गोळ्याच्या निम्म्यापर्यंत खुपसा आणि पाच मिनिटं तसंच ठेवा. हे वाळलं की गोळा काडीला धरतो. पुष्कळ जणी हीच पायरी गाळतात. मग चॉकलेट पसरट वाडग्यात न घेता उंच पेल्यात घ्या, गोळा सरळ आत आणि सरळ बाहेर, काडीच्या बुडापर्यंत बुडला पाहिजे, म्हणजे ते टाचणीचं भोक बुजतं. आत फिरवाफिरव करू नका. बाहेर काढून मनगटावर हलके टिचकी मारत जादाचं निथळू द्या.

सजावट पहिल्या अर्ध्या मिनिटात, कवच ओलं असताना. मणी आणि चांदीच्या गोळ्यांपेक्षा मला आपल्या वस्तू बऱ्या वाटतात: रंगीत बडीशेप, भाजलेले पांढरे तीळ, सुक्या खोबऱ्याचा बारीक कीस. संक्रांतीचा काटेरी हलवा उरला असेल तर डार्क चॉकलेटवर तो असा दिसतो की पोरं आधी तोच खुडून खातात. रेघा ओढायच्या असतील तर कवच वाळू द्या, मग दुसऱ्या रंगाचं चॉकलेट बटर पेपरच्या, मेंदीसारख्या कोनात भरून सरसर हात फिरवा. अस्वलं, कोंबडीची पिल्लं, युनिकॉर्न यांच्या नादाला मी पहिल्या तीस पॉपमध्ये लागले नसते. एकेका तोंडाला दहा मिनिटं जातात आणि पोरगं ते दोन घासांत संपवतं.

उभे कुठे करायचे? थर्मोकोल नको. कोबीचा मोठा गड्डा खालून सपाट कापून फॉइलमध्ये गुंडाळा, त्यात काड्या टोचा. नाहीतर गोळा खाली, काडी वर असे बटर पेपरवर उलटे ठेवा. बूड जरा चपटं होतं, पण पडायची भीती नाही. बुडवल्यावर पुन्हा फ्रीजमध्ये घालू नका. या हवेत बाहेर काढताक्षणी त्यांना घाम फुटतो आणि बडीशेपचा रंग ओघळतो.

म्हणजे असं करा: दोन दिवस आधी केक, आदल्या संध्याकाळी गोळे वळून फ्रीजमध्ये, वाढदिवसाच्या सकाळी काड्या आणि चॉकलेट. तीस पॉपना ४०० ग्रॅम चॉकलेट लागतं, पण पेला शेवटपर्यंत खोल राहावा म्हणून ५०० घ्या. आणि तीन वर्षांखालची लेकरं असतील तर त्यांना काडी न देता गोळा मोडून वाटीत द्या.