एजीव्हीचे रूट आखायचे तर मेकॅनिकल सोडावं का?

नमस्कार,

मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या तुमच्या मुलाने चाकणच्या कारखान्यात चालकाविना सुटे भाग पोचवणाऱ्या एजीव्ही (ऑटोमेटेड गाइडेड व्हेइकल) गाड्या पाहिल्या. तेव्हापासून ‘मला यांचे रूट आखायचेत, कॉम्प्युटरला जातो’ असं त्याने धरून ठेवलंय. हे खूळ तर नाही ना, असं तुम्ही विचारता.

खूळ नक्कीच नाही. स्वीडनमध्ये काल्मारला व्होल्वोने १९७४ मध्येच जोडणी चालू असलेल्या मोटारी अशा गाड्यांवरून फिरवल्या होत्या. पण शाखा बदलायची घाई नको.

एका गाडीला जवळचा रस्ता शोधून देणं सोपं आहे. त्यासाठीची संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्राची १९५९ची रीत तो आठवडाभरात पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहील. अवघड होतं ते वीस गाड्या एकत्र सोडल्यावर. अरुंद गल्लीत दोन गाड्या समोरासमोर आल्या की दोघींच्या सेन्सरला अडथळा दिसतो आणि दोघी थांबतात. मागून तिसरी येऊन मागे सरकायची वाटही बंद करते. तिकडे जोडणीच्या स्टेशनवरचा बोल्टचा ट्रे संपतो आणि सगळी लाइन थांबते. म्हणून वाटेचे झोन पाडतात. रुळांच्या एका टप्प्यात (ब्लॉकमध्ये) एकच रेल्वेगाडी सोडतात, तशी एका झोनमध्ये एकच गाडी. झोन फार मोठे झाले, की गाड्या नुसत्या रांगेत ताटकळतात. त्यात चार्जिंगला कोणाला कधी काढायचं, हेही बघायचं.

इथे कोड लागतोच, पण टॅक्ट टाइम (मागणीनुसार एक नग किती वेळात तयार व्हायला हवा तो वेळ), वळणाची त्रिज्या, भरलेल्या ट्रॉलीला थांबायला लागणारं अंतर कळणारा माणूसही लागतो. मी शॉपफ्लोअरवर असताना आमची एक गाडी रोज शिफ्ट बदलताना अडायची. सगळे प्रोग्रॅम तपासत बसले. खरी अडचण एवढीच, की रिकामी पॅलेट ठेवायला जागा आखलेली नव्हती, म्हणून ती पॅलेट गाडीच्या वाटेच्या पट्टीवर यायची. पिवळ्या रंगाने चौकोन आखला आणि प्रश्न सुटला.

डिप्लोमानंतर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला मेकॅट्रॉनिक्स किंवा रोबोटिक्स मिळालं तर उत्तम, नाहीतर मेकॅनिकलच राहू द्या. पीएलसी (यंत्रं चालवणारा कारखान्यातला कंट्रोलर), पायथॉन आणि आरओएस (रोबोटसाठीचं सॉफ्टवेअर) जोडीने शिकता येतं. एक मात्र आधीच सांगून ठेवा: अशी कामं लाइन बंद असताना, म्हणजे रात्री आणि रविवारी करावी लागतात.

या रविवारी त्याला आलेखाच्या कागदावर तो कारखाना काढायला सांगा. पाच नाणी म्हणजे पाच गाड्या. कोंडी होणार नाही असे नियम त्याने लिहावेत. कागद मला पाठवा, मग पुढचं बोलू.