स्नोशू हेअर शोधायचा असेल तर बर्फ नको, गचपण शोधा

कॅनडात टोरांटोजवळच्या मिसिसागातल्या तुमच्या घरामागचा ससा जानेवारीतही तपकिरीच राहिला, मग स्नोशू हेअर हा उत्तर अमेरिकेतला ससा हिवाळ्यात पांढरा होतो ते खरं का, आणि तो राहतो तरी कुठे, असं तुम्ही विचारलंय. अंगणातला तो बहुधा ईस्टर्न कॉटनटेल, म्हणजे वेगळ्याच जातीचा ससा असणार. तो रंग बदलत नाही. पळताना शेपटीचा पांढरा गोंडा दिसला की समजायचं.

स्नोशू हेअर अलास्कापासून न्यूफाउंडलंडपर्यंत, कॅनडाच्या उत्तरेकडच्या सूचिपर्णी जंगलात राहतो. न्यूफाउंडलंडला मात्र तो 19व्या शतकात माणसांनी नेऊन सोडला. दक्षिणेत तो डोंगरांच्या आधाराने उतरतो: रॉकीजमधून न्यू मेक्सिकोच्या उत्तर भागापर्यंत, सिएरा नेवाडातून कॅलिफोर्नियात, ॲपलाचियनमधून वेस्ट व्हर्जिनियाकडे.

पण या पट्ट्यातही तो सरसकट भेटत नाही. जुन्या, उंच स्प्रूसचं (हा एक सूचिपर्णी वृक्ष) खालून मोकळं जंगल आपल्याला देखणं वाटतं. सशाला तिथे लपायला काहीच नसतं. वणवा लागून गेला किंवा तोड झाली की काही वर्षांनी तिथे कोवळी झाडं दाटीने उठतात, खालच्या फांद्या जमिनीला टेकतात, ओलीकडे विलो-आल्डरची झुडपं माजतात. त्याला हवी असते ती ही जागा. आपल्या माळावरच्या सशासारखाच तोही बीळ करत नाही, फांदीखालच्या खळग्यात दबून दिवस काढतो. पिल्लंही उघड्यावरच होतात, जन्मतःच केसाळ आणि डोळे उघडलेली. खाणं मुबलक पण आडोसा नाही, अशा जागी तो टिकत नाही, कारण बहुतेक ससे लिंक्स (रानमांजराच्या जातीतला), कोयोट (कोल्ह्यासारखा), घुबडं यांच्याच तोंडी जातात. दर 8 ते 11 वर्षांनी त्यांची संख्या वाढून कोसळते, तेव्हा उरलेसुरले ससे अशाच गचपणात सापडतात.

रंग बदलतो तो दिवसाच्या लांबीवर, बर्फ पडण्यावर नाही. बर्फ उशिरा आला तर पांढरा ससा तपकिरी पाचोळ्यावर उठून दिसतो आणि मारला जातो. मोंटानातल्या अभ्यासात हे स्पष्ट दिसलंय. मला याची फार काळजी वाटते. विस्कॉन्सिनमध्ये तर त्याची दक्षिण सीमा उत्तरेकडे सरकलीच आहे. उलट पॅसिफिक किनाऱ्याजवळ, जिथे बर्फ फारसा टिकत नाही, तिथले काही ससे हिवाळाभर तपकिरीच राहतात.

तो बघायला तुम्हाला सगळ्यात सोयीचं तुमच्याच ऑन्टारिओ प्रांतातलं ॲल्गोन्क्विन पार्क. ससा दिसेलच असं नाही, खुणा मात्र नक्की वाचता येतात. मागच्या पायांचे लांब, पसरट ठसे पुढच्या पायांच्या पुढे उमटलेले असतात. कोवळ्या डहाळ्या बघा: सशाने तोडलेली तिरकी आणि सुरीने कापल्यासारखी सफाईदार, हरणाने तोडलेली फाटकी, कारण हरणाला वरचे पुढचे दात नसतात. वसंतात हे तिरके काप कमरेएवढ्या उंचीवर दिसले तर बुचकळ्यात पडू नका. ससा तेव्हा साचलेल्या बर्फावर उभा राहून खात होता.