कॅज्युअल्टीत करिअर होतं का?

प्रश्न : मॅडम नमस्कार, मी एमबीबीएस फायनल इयरला आहे, गाव लातूर जिल्ह्यात. मला इमर्जन्सी मेडिसिनला जायचंय पण बाबा म्हणतात कॅज्युअल्टी (तातडीचे पेशंट आधी येतात तो विभाग) तर इंटर्नपण बघतात, त्यासाठी तीन वर्षं कशाला घालवायची, मेडिसिन घे आणि गावात हॉस्पिटल टाक. मैत्रीण म्हणते एमईएम (खासगी हॉस्पिटलातला इमर्जन्सी मेडिसिनचा कोर्स) केलं तरी चालतं. काय करू?

उत्तर : अगं, बाबांचा गैरसमज होणं साहजिक आहे, कारण आपल्याकडे कॅज्युअल्टी म्हणजे ड्युटीवर जो असेल त्याने पेशंट बघायचा आणि वॉर्डात पाठवायचा असंच वर्षानुवर्षं चाललं, मेडिकल कौन्सिलने हा विषय वेगळा म्हणून मान्य केला तोच मुळी २००९ मध्ये.

पण काम काय असतं ते बाबांना असं सांग. रात्री शेतात पाणी द्यायला गेलेला माणूस येतो, पायाला काहीतरी चावलंय म्हणतो, साप बघितलेलाच नाही. काचेच्या स्वच्छ कोरड्या टेस्ट ट्यूबमध्ये २ एमएल रक्त घ्यायचं, २० मिनिटं तिला अजिबात हलवायचं नाही, मग तिरपी करून बघायची. गोठलं नाही, पाण्यासारखं वाहिलं तर घोणस नाहीतर फुरसं धरून (यांच्या विषाने रक्त गोठत नाही) एएसव्ही, म्हणजे सापाच्या विषावरचं इंजेक्शन सुरू. आणि ती २० मिनिटं नुसतं बसून राहायचं नाही, पापण्या जड होतायत का, मान उचलता येते का हे सारखं बघत राहायचं, कारण मण्यार असेल तर चावल्याची खूणसुद्धा कधी दिसत नाही आणि श्वास थांबायला लागला की नळी टाकायला तू तयार पाहिजेस. निदान व्हायच्या आधी निर्णय घ्यायचा, हेच ते तीन वर्षांचं शिक्षण, आणि मला तरी ते फार मोलाचं वाटतं. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध वापरून केवढे जीव वाचवले, तेही खेड्यातल्या पेशंटवर काम करूनच.

एमईएमचं म्हणशील तर खासगी हॉस्पिटलात शिकायला मिळतं हे खरं, पण ती एनएमसीमान्य (म्हणजे मेडिकल कौन्सिलच्या जागी आलेल्या नॅशनल मेडिकल कमिशनने मान्य केलेली) पीजी डिग्री नाही, पुढे कॉलेजात शिकवायचं असेल तर अडेल. नीट-पीजी परीक्षा देऊन एमडी किंवा तिच्या तोडीची डीएनबीच कर.

आता अवघड बाजू. स्वतःची ओपीडी नाही, 'आमच्या डॉक्टर' म्हणणारे पेशंट नाहीत, नातेवाईकांचा पहिला राग तुझ्यावरच निघणार, आणि नाइट ड्युट्या चाळिशीतही सुटत नाहीत. शिफ्ट संपली की मात्र घरी, फोन वाजत नाही, हे सुख बाकीच्या ब्रँचेसना कुठे आहे!

म्हणून आत्ताच ठरवू नकोस, इंटर्नशिपमध्ये कॅज्युअल्टीचं पोस्टिंग असतंच, त्यात रात्रीच्या ड्युट्या मागून घे. तू धावपळ करून सावरलेला पेशंट आयसीयूत जाईल आणि पुढे त्याचं काय झालं हे बऱ्याचदा तुला कळणारही नाही. ते तुला किती लागतं ते बघ आणि मग मला परत लिही.